पावसाआधीच अडलेले ड्रॉवर : जुन्या सागवानाच्या एका कपाटाचं प्रकरण

जूनचा पहिला आठवडा. मृगाचा पाऊस यायला अजून अवकाश होता. नागपुरात बजाजनगरातल्या एका घराच्या हॉलमध्ये चौदा फूट लांबीचं सागवानी पुस्तकांचं कपाट नुकतंच, मेच्या मध्यावर, बसवलं होतं. त्याच्या सहा मोठ्या ड्रॉवरांपैकी चार उघडेनासे झाले. कडेच्या दोन दारांचे कोपऱ्यातले सांधे केसभर फाटले. वरच्या ओळीतले छोटे ड्रॉवर मात्र लोण्यासारखे सरकत होते.

कपाट लकडगंजातल्या एका वर्कशॉपमध्ये बनलं होतं. मी फर्निचरचे नकाशे काढतो, म्हणून वर्कशॉपच्या मालकांनी मला बोलावलं. त्यांचा प्रश्न सरळ होता: चूक नकाशाची, लाकडाची की मिस्त्रींची? तोवर तिन्ही बाजूंनी बोट दाखवून झालं होतं. डिझायनर ताईंचं म्हणणं, माप बरोबर आहे, फाइल उघडून बघा. मिस्त्रींचं म्हणणं, कागदावर होतं तेच कापलं. घरमालकांचं म्हणणं, आमचं लाकूड शंभर वर्षांचं, त्यात खोट असूच शकत नाही. आणि मालक एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते: "पाणी तं पडलंच नाही भाऊ अजून. लाकूड फुगन कसं?"

हा प्रश्न चांगला होता. सगळं प्रकरण त्यातच होतं.

लाकूड कुठलं

घरमालक निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या कुटुंबाचा महालात जुना वाडा होता, तो उतरवला. तुळया, खांब, दारांच्या चौकटी, कपाटांची दारं असं सगळं सागवान त्यांनी भंगारवाल्याला न देता राखून ठेवलं. विदर्भात सागवानाचं अप्रूप सांगायला नको. आलापल्ली-बल्लारपूरकडचं लाकूड आजही बाजारात 'सी.पी. टीक' म्हणूनच विकलं जातं, मध्य प्रांत (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजेच सी.पी.) जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी. नव्या संसद भवनात नागपूरचं सागवान गेलं आणि अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून, हे इथल्या प्रत्येक लाकूडवाल्याला पाठ आहे. वाड्याचं लाकूड त्याच जातकुळीतलं, तेलकट, जड, घट्ट वलयांचं.

जुन्या लाकडाचा त्रास वेगळा. खिळे. आरा मशीनवाले जुनी तुळई बघितली की आधी मागे सरतात, कारण एक लपलेला खिळा पात्याचे दात खाऊन टाकतो. म्हणून मेटल डिटेक्टर फिरवून, खिळे उपसून, मगच तुळया चिरल्या. जिथे लोखंड होतं तिथे लाकडावर काळे डाग पडलेले. फळ्या अरुंद निघाल्या, बहुतेक चार ते सहा इंच, त्यामुळे रुंद दर्शनी भाग दोन-तीन फळ्या जोडूनच करावे लागणार होते.

डिझायनर ताईंनी इथे जे काम केलं त्याला दाद द्यायला हवी. त्यांनी प्रत्येक फळीला नंबर दिला, दोन्ही बाजूंचे फोटो काढले, भोकं आणि डाग मोजून नोंदवले आणि स्केचअप या त्रिमितीय नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमधल्या मॉडेलवर तेच फोटो चढवले. म्हणजे स्क्रीनवर दिसणारा ड्रॉवर हा 'सागवानी रंगाचा' नव्हता, तो अमुक नंबरच्या फळ्यांचाच होता. मग ओपनकटलिस्ट हे फुकट मिळणारं प्लगइन वापरून कापायची यादी काढली. करवतीच्या पात्याची जाडी धरली, कापताना लागणारं वाढीव माप धरलं, आणि कुठला तुकडा कुठल्या फळीतून निघेल ते ठरवलं. मोजकं लाकूड, परत मिळणार नाही असं. अशा वेळी सॉफ्टवेअरचा उपयोग काय, हे ज्याला बघायचं असेल त्याने ती फाइल बघावी. वाया गेलेलं लाकूड एका पोत्यात मावलं.

पण अडलेल्या ड्रॉवरांची सुरुवातही त्याच फोटोंतून झाली. कशी, ते पुढे.

आधी मोजमाप

मालकांना तिथल्या तिथे रंधा मारून मोकळं व्हायचं होतं. गिऱ्हाईक समोर बसलेलं, पैशाचा शेवटचा हप्ता बाकी; घाई समजण्यासारखी. मी म्हटलं, एक दिवस थांबा. किती काढायचं ते कळल्याशिवाय रंधा मारला तर पुढच्या मेमध्ये तिथून पेन्सिल आत जाईल.

लाकडातली ओल मोजणारा पिनवाला मॉइश्चर मीटर ड्रॉवरांच्या मागच्या बाजूला, जिथे पॉलिश नव्हतं तिथे, टोचून बघितला. साडेअकरा-बारा टक्के. वर्कशॉपमध्ये त्याच फळ्यांचे उरलेले तुकडे पत्र्याखाली पडले होते, ते सहाच्या आसपास. सहा टक्क्यांच्या खाली पिनवाल्या मीटरवर फार विसंबू नये, म्हणून दुसऱ्या मीटरनेही ताडून बघितलं. (एकाच यंत्रावर विश्वास न ठेवण्याचा धडा नागपूरने २०२४च्या मेमध्ये घेतलाच आहे. एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं, देशभर बातमी झाली, आणि नंतर तो सेन्सरचा दोष निघाला.)

म्हणजे वर्कशॉप सोडल्यापासून लाकडाने जवळपास सहा टक्के ओल घेतली होती. पाऊस नाही, गळती नाही, भिंत कोरडी. मग ओल आली कुठून?

हॉलच्या खिडकीत कूलर होता. मोठा, वाळ्याच्या ताट्यांचा, आणि त्याचा झोत कपाटाच्या अंगावरून जाणारा. मेपासून तो दिवसरात्र चालू. आर्द्रतामापक कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवला तर ६५ टक्के. त्याच दुपारी लकडगंजात, पत्र्याच्या शेडखाली, २०च्या आसपास.

नागपूरच्या बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटेल. आपल्याकडे लाकूड पावसाळ्यात फुगतं हे सगळ्यांना ठाऊक. पण इथे मे महिन्यात घरोघरी पाण्याचा कूलर चालतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या तापलेल्या नऊ दिवसांत, बाहेर हवा भट्टीसारखी कोरडी असते आणि हॉलमध्ये श्रावणाची. लाकडाला कॅलेंडर कळत नाही. भोवतालच्या हवेत जेवढी ओल, तेवढी ते घेतं किंवा सोडतं आणि मग थांबतं. साधारण ४३ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर लाकूड चार टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं. ३२ अंश आणि ६५ टक्क्यांना अकरा-साडेअकरावर. ऑगस्टमधल्या २७ अंश आणि ८० टक्क्यांना पावणेसोळावर. वर्कशॉपमधलं लाकूड पहिल्या आकड्याच्या वाटेवर होतं, ते उचलून आम्ही थेट दुसऱ्यात नेऊन ठेवलं. तीन आठवडे त्याला पुरले.

त्यात एक गोष्ट भर घालणारी: दर्शनी बाजूला पॉलिशचे तीन हात, मागे काहीच नाही. त्यामुळे मागची बाजू जास्त वेगाने ओल पीत होती आणि दोन ड्रॉवरांचे दर्शनी भाग मागे फुगून पुढून किंचित खोलगट झाले होते. पॉलिश ओल थांबवत नाही, फक्त तिचा वेग कमी करतं. पण दोन्ही बाजूंना सारखं असेल तर फळी निदान सरळ तरी राहते.

शंभर वर्षांचं लाकूड हलतं का?

प्राध्यापक सरांना हे पटायला वेळ लागला. त्यांचा मुद्दा असा की ताजं लाकूड वाळताना आकसतं हे मान्य, पण हे तर शतकभर वाळलेलं आहे. हा समज फार पसरलेला आहे, आणि जुनं सागवान विकणारेही तो आनंदाने जोपासतात.

वाळणं ही एकदा होऊन संपणारी गोष्ट नाही. लाकडाच्या पेशींच्या भिंती हवेतली वाफ धरतात आणि सोडतात, झाड तुटून किती वर्षं झाली याचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो. फार जुन्या लाकडाची ही भूक थोडी मंदावते, पण मरत नाही. जुन्या लाकडाचा खरा फायदा वेगळाच: आतले ताण निवळलेले असतात, त्यामुळे चिरल्यावर ते पिळत नाही, वाकत नाही. सरळ राहतं. सरळ राहणं आणि स्थिर राहणं यांत फरक आहे.

मी सरांना वाड्याच्याच एका जुन्या दाराकडे नेलं. ते त्यांनी व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलं होतं. मधलं पॅनेल हाताने दाबलं तर चौकटीच्या खाचेत हलत होतं. कुठेही डिंक नाही, खिळा नाही. काठाला रंगाची एक फिकट रेघ दिसत होती: ते पॅनेल वर्षानुवर्षं खाचेत आत-बाहेर सरकत आलं होतं आणि आकसल्यावर तेवढा भाग उघडा पडत होता. ज्याने ते दार केलं त्याला हे लाकूड हलणार हे ठाऊक होतं. सरांनी ती रेघ चष्मा काढून बघितली आणि तो विषय तिथे मिटला.

चारच का?

कूलर सापडला तरी एक गाठ उरली होती. सहाही मोठे ड्रॉवर सारख्याच मापाचे: दर्शनी भाग ३०० मि.मी. उंच, ५६० मि.मी. रुंद, चौकटीच्या आत बसणारे, वर-खाली दीड-दीड मि.मी. फट. मिस्त्रींच्या भाषेत अर्धा-अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मग चार अडले आणि दोन का नाही? कूलरच्या अंतराने उत्तर मिळेना, कारण न अडलेल्या दोनांपैकी एक खिडकीच्या सगळ्यांत जवळचा होता. सगळ्यांत जास्त झोत त्यालाच.

उत्तर फळीच्या टोकाला होतं, जिथे झाडाची वाढीची वलयं कापलेली दिसतात. अडलेल्या चारही ड्रॉवरांच्या फळ्यांत वलयं आडवी पडलेली, तोंडावर डोंगराच्या शिखरांसारखी नक्षी. न अडलेल्या दोनांत वलयं उभी, तोंडावर सरळ समांतर रेघा. ते दोन्ही एकाच खांबातून निघाले होते.

लाकूड तिन्ही दिशांना सारखं हलत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. रुंदीत हलतं, आणि त्यातही वलयांच्या बाजूने जेवढं हलतं त्याच्या निम्म्याच्या आसपास वलयांना छेदून, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे. सागवानासाठी तक्त्यांत दिलेले गुणांक असे: आडव्या वलयांच्या फळीला दर टक्का ओलीमागे ०.००१८६, उभ्या वलयांच्या फळीला ०.००१०१. (सागवान हे सज्जन लाकूड आहे. अमेरिकन व्हाइट ओकचा पहिला आकडा याच्या जवळपास दुप्पट.) हिशेब एका ओळीचा: रुंदी गुणिले गुणांक गुणिले ओलीतला फरक.

फळ्या ड्रॉवरवर आडव्या बसलेल्या, म्हणजे ड्रॉवरची उंची हीच फळीची रुंदी. ३०० × ०.००१८६ × ६ म्हणजे ३.३ मि.मी. ड्रॉवरांच्या वर-खाली ४० मि.मी.च्या आडव्या पट्ट्या होत्या, त्याही फुगून अर्धा मि.मी.च्या आत जागा खाऊन बसल्या. एकूण पावणेचार. फट होती तीन. अडणारच. उभ्या वलयांच्या ड्रॉवरांना तोच हिशेब लावला तर १.८ आणि पट्ट्यांचं धरून सव्वादोन. फट उरली, ड्रॉवर चालले. वरच्या ओळीतले छोटे ड्रॉवर १२५ मि.मी.चे, त्यांची वाढ दीड मि.मी.च्या आत, म्हणून ते लोण्यासारखे. कागदावरचा हिशेब आणि कपाट इतकं जुळलं की मालकांनी कॅल्क्युलेटर स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा करून बघितलं.

दारांचंही तेच. पॅनेल ४१८ मि.मी. रुंद, खाचेत दोन्हीकडे एकेक मि.मी. जागा. पॅनेल वाढलं साडेचार मि.मी.च्या वर. खाचेचा तळ गाठल्यावर त्याने चौकटच बाहेर ढकलली आणि कोपऱ्यातले सांधे उघडले. खाच-कुसवाचा सांधा, चांगला डिंक लावलेला, तरीही. फुगणाऱ्या लाकडाच्या जोराला डिंक पुरा पडत नाही. पूर्वी दगड फोडायला भेगेत लाकडी पाचरी ठोकून त्यावर पाणी ओतत, ते याच जोरावर.

आता फोटोंची गोष्ट. मोठ्या ड्रॉवरांना नेमक्या डोंगरांच्या नक्षीच्याच फळ्या का आल्या? कारण स्क्रीनवर त्याच देखण्या दिसत होत्या. ताईंनी दोन-तीन मांडण्या करून सरांना आणि काकूंना दाखवल्या. काकूंनी सगळ्यांत ठळक नक्षी मोठ्या ड्रॉवरांवर निवडली, सरळ रेघांच्या फळ्या 'साध्या' म्हणून आतल्या कप्प्यांना गेल्या. दोन ड्रॉवर वाचले ते ठळक फळ्या संपल्या म्हणून. निवड डोळ्यांनी झाली, आणि जिथे सर्वांत स्थिर लाकूड लागतं तिथे सर्वांत हलणारं लागलं. स्केचअपच्या लेखी दोन्ही फळ्या एकच: लांबी, रुंदी, जाडी आणि वरचा फोटो.

कुणाचं चुकलं?

मालकांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतंच. माझ्या मते चूक दोन माणसांच्या मधल्या मोकळ्या जागेत होती.

मिस्त्री भंडाऱ्याकडचे, तीन पिढ्यांचं सुतारकाम. त्यांना मी बाजूला विचारलं, तुम्ही एरवी किती सोडता? ते म्हणाले, "उन्हाळ्यात बांधलं तं फुटाले एक सूत जास्त. पावसाळ्यात बांधलं तं घट्ट. हे तं बाबा सांगून गेले." मग या वेळी का नाही सोडलं? "मिलिमीटरमध्ये लिहून होतं ना सगळं. म्हटलं, कॉम्प्युटरनं धरलंच असंन."

ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी दीड मिलिमीटर दिला, कारण प्लायवूडच्या कामात तोच देते. आणि बसवताना मिस्त्री रंधा मारून जमवून घेतातच, असं मला वाटलं."

फुटाला एक सूत म्हणजे ३०५ मि.मी.ला सव्वातीन मि.मी. तक्त्यातला हिशेब आडव्या वलयांच्या फळीला सहा टक्क्यांसाठी जवळजवळ तेवढाच येतो. मिस्त्रींच्या वडिलांचा नियम बरोबर होता. तो कागदावर यायला जागा नव्हती. यादीत लांबी होती, रुंदी, जाडी, फळीचा नंबर, कडा कुठली. लाकूड कोणत्या ओलीला मोजलं आणि ते कुठे जाऊन राहणार आहे, याचा रकानाच नाही. प्लायवूडला तो लागत नाही. एकाआड एक आडवे-उभे थर चिकटवलेले असल्यामुळे प्लाय रुंदीत जवळपास हलत नाही. आज शहरात होणारं बहुतेक फर्निचर प्लायचं, त्यामुळे सॉफ्टवेअर वापरणारी नवी पिढी प्लायवरच शिकते, आणि तिच्या बोटांत प्लायची मापं बसलेली असतात. यात ताईंना दोष देणं सोपं आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. आणि छापील कागदासमोर आपलं ज्ञान खिशात घालून ठेवणाऱ्या मिस्त्रींनाही नाही. तीस वर्षं काम केलेल्या माणसाने 'हे मला पटत नाही' असं म्हणावं, अशी सोय त्या वर्कशॉपात होती का, हे मालकांनी स्वतःला विचारायचं.

काय केलं

पहिला उपाय काकूंच्या कोर्टात गेला आणि तिथेच निकालात निघाला. कूलरची दिशा बदलता येईल का, असं विचारलं होतं. "मे महिन्यात कूलर हलवायचा? मग कपाटच व्हरांड्यात ठेवा," काकू म्हणाल्या. बरोबरच होतं. घर माणसांसाठी असतं. तेव्हा त्या हॉलमध्ये लाकूड वर्षभरात पाच टक्क्यांपासून (कूलर बंद ठेवून गावाला गेलेले मेचे दिवस) सोळापर्यंत (ऑगस्ट) हिंडणार हे धरून चालायचं.

अकरा टक्क्यांचा हा पल्ला आडव्या वलयांच्या ३०० मि.मी. फळीला सहा मि.मी.च्या वर हलवतो. तेवढी फट ठेवली तर उन्हाळ्यात कपाट बोळकं दिसेल. म्हणून फक्त रंधा मारून भागणार नव्हतं. मिस्त्रींनी सुचवलं की दर्शनी भाग चौकटीवर बाहेरून चढवा, फटच दिसणार नाही. व्यवहाराला हे सगळ्यांत सोपं. पण सरांना वाड्यातल्या कपाटांसारखे आत बसणारेच हवे होते, आणि कपाटाची सगळी मांडणी त्यावर बेतलेली.

शेवटी व्हरांड्यातल्या जुन्या दाराचाच मार्ग घेतला. चार अडलेले दर्शनी भाग काढून त्यांची चौकट आणि पॅनेल अशी रचना केली. चौकटीचे दोन उभे तुकडे पूर्ण उंचीचे. त्यांचे तंतू उभे, म्हणजे ३०० मि.मी. ही उंची आता लाकडाच्या लांबीत आली, आणि लांबीत ते हलत नाही. रुंदीत फक्त ते दोन ६० मि.मी.चे तुकडे हलणार, सोळा टक्के गाठले तरी एक-दीड मि.मी. मधलं डोंगरांच्या नक्षीचं पॅनेल खाचेत मोकळं, डिंक फक्त मध्यावर एका ठिपक्याएवढा, दोन्हीकडे सारखं सरकावं म्हणून. काकूंची नक्षी गेली नाही, चौकटीत आली. दारांच्या खाचा खोल केल्या आणि पॅनेल अरुंद. मागच्या बाजूंना पुढच्याइतकेच पॉलिशचे हात. चौकटीसाठीचं नवं लाकूड कापायच्या आधी काही दिवस त्याच हॉलमध्ये, मध्ये पट्ट्या घालून, रचून ठेवलं आणि दहा टक्क्यांवर आल्यावर हात लावला. दहा का, तर पल्ल्याच्या साधारण मधोमध: तिथून फुगायलाही जागा, आकसायलाही.

सरळ रेघांच्या दोन ड्रॉवरांना काहीच केलं नाही. मालकांना ते खटकलं. सहाही सारखे दिसायला हवेत असं त्यांचं म्हणणं. सरांनी मात्र ते तसेच ठेवून घेतले. आता पाहुण्यांना फरक दाखवून ते स्वतःच व्याख्यान देतात असं ऐकतो.

सॉफ्टवेअरच्या बाजूला बदल छोटा, पण माझ्या दृष्टीने हाच कामाचा. स्केचअप गिऱ्हाइकाला दाखवायला राहिलं. दर्शनी भाग आणि पॅनेल तेवढे फ्रीकॅड या नकाशांच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा काढले, कारण त्यात स्प्रेडशीटच्या घरातला आकडा थेट मापाला जोडता येतो. घरं अशी: आजची ओल, त्या खोलीतली सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त ओल, वलयं आडवी की उभी. पॅनेलची रुंदी हा टाइप केलेला आकडा राहिला नाही, ती या घरांवरून निघते. मीटरवर आठ आले तर एक माप, अकरा आले तर दुसरं. खरं सांगायचं तर यासाठी फ्रीकॅडही लागत नाही. मोबाइलमधली साधी स्प्रेडशीट पुरते. मिस्त्रींच्या फोनवर आम्ही तीच टाकली, आणि उत्तर मिलिमीटरसोबत सुतातही येईल असं केलं. त्यांची टेप इंचांची आहे, ती बदलायला लावण्यात अर्थ नव्हता.

कापायच्या यादीत दोन रकाने वाढले: मोजलेली ओल, आणि वलयांची दिशा. दुसरा रकाना मिस्त्री भरतात, फळीचं टोक बघून, आणि तो भरल्याशिवाय ताई माप छापत नाहीत. फोटोवरून तो भरता येत नाही असं नाही, पण जोडलेल्या फळीत एक तुकडा आडवा आणि एक तिरपा असेल तर फोटो फसवतो. तिरप्या वलयांसाठी कोणता गुणांक, यावर दोघांची रोज झटापट होते. मिस्त्री सरळ मोठा आकडा धरतात. मीही तेच धरीन.

ऑगस्टमध्ये, झड लागलेली असताना, फटी मोजल्या. नव्या चौकटींच्या वर-खाली जवळपास दीड मि.मी.च, हललेल्याच नाहीत. सरळ रेघांच्या दोन ड्रॉवरांत जेमतेम अर्ध्या मि.मी.ला घसट होती, दोन्ही ओढल्यावर आले, पण कुरकुरत. पुढच्या मेमध्ये सगळे सुटले. दारांची पॅनेलं मात्र तेव्हा इतकी आकसली की दार लावताना खडखड वाजू लागली. खाचेत फेल्टच्या बारीक पट्ट्या सरकवल्या, आवाज कमी झाला, पूर्ण गेला नाही. दुरुस्तीचा खर्च मालक, ताई आणि सर यांनी वाटून घेतला. मिस्त्रींच्या मजुरीला हात लावला नाही, हे मालकांनी आपणहून केलं.

उरलेल्या लाकडातून सरांना आता जेवणाचं टेबल हवंय, तीन फूट रुंद, एकसंध दिसणारं. त्या रुंदीला अकरा टक्क्यांचा हिशेब लावला तर जवळजवळ १९ मि.मी. येतात, म्हणजे सहा सूत, पाऊण इंच. खालच्या सांगाड्याला स्क्रूने आवळलं तर फळी फाटणार, म्हणून स्क्रूची भोकं लांबट पाडायची यावर मिस्त्री आणि ताई यांचं एकमत आहे. लाकूड कापायच्या आधी कुठे रचून ठेवायचं, यावर नाही. जेवणाच्या खोलीत एसी आहे, कूलर नाही. तिथली हवा कोरडी. ताई म्हणतात तिथेच रचू. मिस्त्री म्हणतात, लाइन गेली की काकू दार उघडतात आणि हॉलमधली सगळी हवा आत येते, तेव्हा दोन्ही खोल्यांत आर्द्रतामापक ठेवून आधी महिनाभर आकडे लिहा. मापक आणलेत, वही काकूंकडे आहे.